पडद्यावरची साधी माणसे आणि घरातली अबोल मुले

आज चाळिशीत असलेल्या पालकांना १९९०च्या दशकातील रविवारची सकाळ आठवत असेल. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागत असे आणि गुलजार यांनी लिहिलेले तिचे शीर्षकगीत घरोघरी गुणगुणले जाई. ती मालिका जपानमधील निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये तयार केली होती, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. मोगलीच्या मागोमाग पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला. आपली मुले आज ज्याला 'अ‍ॅनिमे' म्हणतात, त्या जपानी चित्रसृष्टीशी आपल्या घराचा परिचय असा दोन पिढ्यांचा आहे. तरीही दहावीतला मुलगा किंवा अकरावीतली मुलगी मोबाईलवर अशी एखादी मालिका पाहताना दिसली की पालकांच्या तोंडून एकच वाक्य येते : "एवढा मोठा झालास तरी कार्टून काय बघतोस?"

या प्रश्नाचे उत्तर मुले सहसा देत नाहीत. मोबाईल पालथा ठेवतात आणि उठून जातात. त्यांनी द्यायचे राहिलेले उत्तर शोधण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. मी चित्रपटसमीक्षक नाही, देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी सर्वसाधारण आजारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. परंतु गेल्या काही वर्षांत किशोरवयीन रुग्णांशी बोलताना या मालिकांची नावे इतक्या वेळा कानांवर आली, की त्यातील काही स्वतः पाहणे मला आवश्यक वाटले. जे पाहिले ते आरोग्याच्या दृष्टीने पालकांपर्यंत पोहोचवण्यासारखे आहे.

घटना थोड्या, माणसे पुष्कळ

अ‍ॅनिमेचे अनेक प्रकार आहेत. त्यात युद्धे आहेत, राक्षस आहेत, खेळांच्या स्पर्धा आहेत. मात्र एक प्रकार असा आहे, ज्यात फारसे काही घडतच नाही. शाळेचा वर्ग, दुपारचा डबा, परीक्षेचे वेळापत्रक, पावसात विसरलेली छत्री, घरी परतताना सोबत चाललेली दोन मुले आणि त्यांच्या मनात हळूहळू उमलणारे प्रेम, एवढाच त्याचा ऐवज असतो. रोजच्या जगण्यातील या प्रेमकथांत नायक शूर नसतो आणि नायिका अप्सरा नसते. दोघांनाही काही ना काही सलत असते आणि ते नेमके काय आहे, हे त्यांचे त्यांनाही पुरते कळलेले नसते. किशोरवय हे असेच असते. म्हणून मुलांना ही पात्रे आपली वाटतात.

'तोरादोरा!' ही २००८-०९ मधील मालिका घ्या. तिचा नायक र्‍यूजी याला वडिलांकडून डोळे मिळाले आहेत ते गुंडासारखे. त्यामुळे नवा वर्ग त्याला पाहताच बिचकतो. वस्तुतः हा मुलगा घर लखलखीत ठेवणारा, उत्तम स्वयंपाक करणारा आणि रात्रपाळीला जाणाऱ्या एकट्या आईची काळजी घेणारा आहे. शेजारच्या इमारतीत ताइगा नावाची ठेंगणी मुलगी एकटी राहते. ती सर्वांवर खेकसते, हात उगारते. एका रात्री ती लाकडी तलवार घेऊन र्‍यूजीच्या घरात शिरते आणि भांडता भांडता कोसळते. कारण काय, तर पोटात अन्न नसते. तो तिला परतलेला भात करून वाढतो. पुढे कळते, की आईवडिलांच्या घटस्फोटानंतर या मुलीला एक सुसज्ज सदनिका मिळाली आहे, पण जेवलीस का असे विचारणारे कोणी नाही. तिच्या रागाखाली भूक आहे, आणि ती केवळ अन्नाची नाही.

डॉक्टर म्हणून मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. चिडचिड हे किशोरवयातील नैराश्याचे एक प्रमुख लक्षण आहे. मोठा माणूस खिन्न झाला की गप्प बसतो, रडतो. मूल खिन्न झाले की पुष्कळदा उलट उत्तरे देते, दार आपटते, भावंडांवर हात उचलते. घरचे त्याला उर्मट ठरवतात आणि दुखणे आणखी आत जाते. ज्या मुलाला ताइगा समजली, त्याला स्वतःचा रागही थोडा समजण्याची शक्यता असते.

टोपणनावाचे ओझे

'किमी नि तोदोके' या २००९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील सावाको ही लांब काळ्या केसांची, हळू बोलणारी मुलगी आहे. तिचे नाव एका प्रसिद्ध जपानी भयपटातील प्रेताच्या नावाशी जुळते, म्हणून वर्ग तिला त्याच नावाने हाक मारतो. तिच्याशी नजर भिडली तर अरिष्ट येते, अशी वदंता पसरते. सावाकोला राग येत नाही. आपल्यामुळे इतरांना त्रास नको म्हणून ती स्वतःच बाजूला राहू लागते. काझेहाया नावाचा मुलगा तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, तेथून कथा पुढे सरकते.

आपल्याकडच्या वर्गांतही टोपणनावे ठेवण्याची हौस काही कमी नाही. रंगावरून, जाडीवरून, तोतरेपणावरून, वडिलांच्या व्यवसायावरून नावे पडतात आणि दहावीपर्यंत चिकटून राहतात. घरी सांगितले तर "दुर्लक्ष कर" असा सल्ला मिळतो. दुर्लक्ष करता करता मूल स्वतःकडेच दुर्लक्ष करू लागते, मधल्या सुट्टीत वर्गात एकटे बसते, सहलीला नको म्हणते. सावाकोची कथा पालकांनी अवश्य समजून घ्यावी, ती याकरिता.

'कोमी-सान' ही २०२१ मधील मालिका याच्याच जवळची आहे. कोमी सुंदर आहे. ती कोणाशी बोलत नाही, म्हणून सारे तिला मानी समजतात. तिच्या शेजारी बसणाऱ्या तादानोच्या लक्षात येते, की तिला बोलायचे आहे, पण चारचौघांत तोंडातून शब्दच फुटत नाही. मग ती दोघे फळ्यावर खडूने लिहून एकमेकांशी बोलतात. शंभर मित्र जोडावेत, हे तिचे साधे स्वप्न असते. वैद्यकशास्त्रात या त्रासाला सामाजिक चिंताविकार म्हणतात. लोक आपल्याकडे पाहत आहेत, हसणार आहेत, या भयाने छाती धडधडणे, हात थरथरणे, घाम फुटणे, पोटात गोळा येणे ही त्याची लक्षणे. तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास उलट्या होणाऱ्या मुलाला पित्ताच्या गोळ्या देत राहण्यापूर्वी हा विचार करावा. समुपदेशनाने हा विकार चांगला आटोक्यात येतो, आणि थोड्यांना औषधही लागते. "लाजाळू आहे, मोठेपणी सुधारेल" असे म्हणून वर्षे घालवू नयेत.

कोमीची कथा विनोदी आहे आणि तिचा त्रास थोडा अतिरंजित आहे. पण तादानो जे करतो ते खरे आहे. तो तिला "बोल, बोल" म्हणत नाही. तिला ज्या रीतीने बोलता येते, ती रीत तो स्वतः स्वीकारतो.

नाकातून आलेले रक्त आणि दोन चेहरे

'होरिमिया' ही २०२१ मधील मालिका मला एका वेगळ्या कारणाने आवडली. होरी ही वर्गातील हुशार, टापटीप, लोकप्रिय मुलगी. घरी आई कामात, वडील बाहेर, त्यामुळे तीच धुणीभांडी करते आणि धाकट्या भावाला सांभाळते. हे तिने वर्गात कोणाला सांगितलेले नाही. मियामुरा हा वर्गातील चष्मेवाला, केस कपाळावर आलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा. शाळेबाहेर मात्र त्याच्या कानांत डूल आहेत आणि अंगावर गोंदण आहे. एके दिवशी होरीचा लहान भाऊ रस्त्यात पडतो, त्याच्या नाकातून रक्त येते आणि मियामुरा त्याला घरी घेऊन येतो. दारात दोघांचे खरे चेहरे एकमेकांना दिसतात.

जाता जाता वैद्यकीय सूचना : नाकातून रक्त आल्यास आपल्याकडे डोके मागे टाकून, डोक्यावर पाणी ओतून, कांदा हुंगवण्याची पद्धत आहे. डोके मागे टाकल्याने रक्त घशात उतरते आणि उलटी होते. मुलाला ताठ बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग दहा मिनिटे धरून ठेवावा आणि तोंडाने श्वास घेऊ द्यावा. मध्येच सोडून पाहू नये. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, किंवा डोक्याला मार लागला असेल, तर डॉक्टर गाठावा.

मूळ मुद्दा दोन चेहऱ्यांचा. शाळेतले मूल आणि घरातले मूल वेगळे असते, हे पालकांना पटायला जड जाते. गुणपत्रिकेवरून कळते ते शाळेतल्या मुलाचे. घरात आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी, बहिणीचा अभ्यास घेणारी, आईच्या डोळ्यांतील पाणी पाहून न पाहिल्यासारखे करणारी कितीतरी मुले आपल्या आसपास आहेत. त्यांचे कौतुक कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. होरी पाहताना त्यांना प्रथमच कोणीतरी आपले श्रम पाहिले असे वाटते.

चाकरमान्यांच्या गावातील मुले

या मालिकांत आईवडील पुष्कळदा घरी नसतात. याला कथेची सोय हे एक कारण आहे, परंतु त्यामागे जपानी समाजाचे वास्तवही आहे. नोकरीच्या बदलीमुळे कुटुंब गावी ठेवून पुरुषाने दूरच्या शहरी एकटे राहायचे, याला तिकडे 'तानशिन फुनिन' असा रूढ शब्दच आहे.

कोकणाला हा शब्द शिकवावा लागत नाही. आपल्याकडे त्याला चाकरमानी म्हणतात. वडील मुंबईत, आई मुलांसह गावी, किंवा आईवडील दोघेही मुंबईत आणि मूल आजीआजोबांजवळ, ही संगमेश्वर तालुक्यातील वाडीवाडीची रीत आहे. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते, आठवड्याभराने रिते होते. पूर्वी मनीऑर्डर येई, आता रोज व्हिडिओ कॉल येतो. मात्र कॉलवर विचारले जाते ते ठरावीक : जेवलास का, अभ्यास झाला का, गुण किती पडले. मूल "हो, हो" म्हणते. वडिलांचे कष्ट त्याला दिसत असतात, म्हणूनच आपले दुःख त्यांच्यावर आणखी लादू नये असे त्याला वाटते. हा समंजसपणा कौतुकाचा आहे आणि काळजीचाही.

'सांगात्सु नो लायन' (मार्चमधील सिंह) ही मालिका जपानच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात दाखवली. तिच्यात प्रेमकथा अगदी संथ, जवळजवळ पार्श्वभूमीला आहे. सतरा वर्षांचा रेई हा शोगी या जपानी बुद्धिबळासारख्या खेळातील व्यावसायिक खेळाडू आहे. अपघातात आईवडील आणि बहीण गमावलेला हा मुलगा एका रिकाम्या खोलीत एकटा राहतो. नदीपलीकडच्या एका छोट्या घरातील तीन बहिणी त्याला जेवायला बोलावतात. त्या घरातही आई नाही, परंतु ताट वाढलेले असते. भाग पुढे सरकतात तसा हा मुलगा हळूहळू खाऊ लागतो, बोलू लागतो, आणि मधल्या बहिणीला शाळेत छळ सोसावा लागतो तेव्हा तिच्या पाठीशी उभा राहतो. शाळेच्या सहलीत ती एकटी पडल्याचे समजून तो थेट क्योतोला जातो आणि नदीकाठी बसलेल्या तिला शोधून काढतो.

हे पाहताना मला आमच्या गावातील मातृमंदिराची आठवण झाली. इंदिराबाई हळबे, म्हणजे सर्वांच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये देवरूखात ही संस्था सुरू केली. प्रसूतिगृहापासून सुरू झालेल्या त्या कामात पुढे निराधार मुलांसाठी घरही उभे राहिले. एकट्या पडलेल्या जिवाला प्रथम ऊब आणि अन्न द्यावे, उपदेश मागाहून करावा, हे शहाणपण या मातीला नवे नाही. एकत्र बसून केलेले रात्रीचे जेवण हा आजही किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक मानसोपचार आहे, असे माझे मत झाले आहे. अट एवढीच, की त्या वेळी दूरदर्शन संच बंद असावा आणि गुणांची चर्चा होऊ नये.

ज्या कथेकडे दुर्लक्ष करू नये

'कोए नो काताची' हा २०१६ मधील चित्रपट इंग्रजीत 'अ सायलेंट व्हॉइस' या नावाने ओळखला जातो. नाओको यामादा या दिग्दर्शिकेने तो क्योतो अ‍ॅनिमेशनसाठी केला. शोको या कर्णबधिर मुलीला सहावीच्या वर्गात शोया नावाचा मुलगा छळतो. तिची श्रवणयंत्रे ओढून काढतो, फेकतो. ती शाळा सोडून जाते. मग वर्ग सारा दोष शोयावर टाकतो आणि तोच एकटा पडतो. काही वर्षांनी त्याला जगणे नकोसे होते. शेवटच्या निरवानिरवीचा भाग म्हणून तो शोकोला भेटायला जातो. मधल्या काळात तो खुणांची भाषा शिकलेला असतो. तेथून दोघांच्या नात्याला सुरुवात होते. मात्र पुढे एका रात्री शोकोच आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न करते. आपल्यामुळे सर्वांना त्रास होतो, असे तिने मनाशी धरलेले असते.

चित्रपटात शोयाला आसपासच्या माणसांच्या चेहऱ्यांवर फुल्या मारलेल्या दिसतात. कोणाच्याही डोळ्यांत पाहण्याची उमेद हरवणे म्हणजे काय, ते दाखवणारे याहून नेमके चित्र माझ्या पाहण्यात नाही. छळणाऱ्या मुलालाही मन असते, आणि छळ झालेले मूल पुष्कळदा स्वतःलाच दोषी मानते, या दोन गोष्टी हा चित्रपट स्पष्ट करतो. शिक्षक आणि पालक दोघांनाही त्या ठाऊक असाव्यात.

बहिरेपणाबद्दल एक सूचना येथेच करतो. तान्हे बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, सहा महिन्यांचे होऊनही आवाजाच्या दिशेने मान वळवत नसेल, दीड वर्षाचे होऊनही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर "आमच्या घरात मुले उशिराच बोलतात" असे म्हणून थांबू नये. लगेच श्रवणतपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार दहा ते एकोणीस या वयोगटातील दर सात जणांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात सरासरी सात. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून लक्ष उडणे, झोप आणि भूक बदलणे, मित्र तोडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे बोलणे किंवा लिहिणे, ही चिन्हे दोन आठवडे टिकली तर ती वयाची लहर समजू नये. शेवटचे चिन्ह दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये. जीव नकोसा झाला आहे का, असे शांतपणे आणि थेट विचारावे. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मूल मोकळे होते. अशा मुलाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधांचा साठा कुलपात ठेवावा. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाने कोकणात थट्टा चालते. ती थट्टा आता पुरे झाली. तेथील बाह्यरुग्ण विभागात मूल नेणे हे दाताच्या डॉक्टरकडे नेण्याइतकेच साधे असले पाहिजे.

तक्रार पोटाची, दुखणे मनाचे

किशोरवयीन मूल दवाखान्यात येते ते पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर किंवा थकवा घेऊन. आधी शरीर नीट तपासावे हे निर्विवाद. रक्तक्षय, जंत, मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइड, दृष्टिदोष, मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या तक्रारी, यांपैकी काही आहे का ते पाहावेच. काही न सापडल्यास "तुला काही झालेले नाही" असे म्हणू नये. त्याचे दुखणे खरे असते, फक्त त्याचा उगम दुसरीकडे असतो.

किशोरांशी बोलण्यासाठी वैद्यकात एक ठरलेली चौकट आहे. घर, शिक्षण, फावला वेळ, व्यसने, लैंगिकता आणि मनातील निराशा, या क्रमाने प्रश्न विचारत जावे. सोप्यापासून अवघडाकडे जाण्याचा हा मार्ग आहे. फावल्या वेळाच्या प्रश्नावर आले की मालिकांचा विषय निघतो. "तुला कोण आवडते?" असे विचारले तर मूल लाजते. "त्या गोष्टीतले कोणते पात्र तुला आवडते, आणि का?" असे विचारले तर दहा मिनिटे बोलते. पात्राबद्दल बोलताना ते स्वतःबद्दल बोलत असते, पण त्याला स्वतःचे नाव घ्यावे लागत नाही. आईवडिलांनाही ही युक्ती वापरता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही, ऐकण्याची सवय लागते.

आपली 'शाळा'

हे सारे परदेशी आहे, आपल्या मुलांना त्याचे काय, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर मराठीतच आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रस्त्याने मागे मागे चालणे, शिकवणीच्या वेळा साधणे, एका कटाक्षावर आठवडा काढणे, हे ज्यांनी त्या पुस्तकात वाचले त्यांना आपलेच वय आठवले. मुकुंद आणि मियामुरा शेजारच्या बाकांवर सहज बसू शकतील. फरक एवढाच, की आपल्याकडे या वयाला ओळखणाऱ्या अशा कथा थोड्या आहेत आणि जपानने त्यांची रीतसर परंपरा घडवली आहे. मूल जेथे आरसा सापडेल तेथे पाहते. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला, तो येथील चाहत्यांनी पन्नास हजारांहून अधिक सह्यांची मागणी केल्यानंतर. हा वर्ग लहान नाही आणि तो आपल्याच घरांतून आला आहे.

सावधगिरी कोठे बाळगावी

कौतुकासोबत काही धोकेही सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिला धोका झोपेचा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक मुळातच रात्री उशिरा स्रवू लागते. त्यात एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि रात्रीचा एक वाजतो. सकाळी साडेसहाची एसटी चुकत नाही, झोप चुकते. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी, चिडचिड आणि विसरभोळेपणा यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. रात्री दहानंतर सर्वांचेच मोबाईल, आईवडिलांचेही, एका ठिकाणी चार्जिंगला ठेवावेत.

दुसरा धोका प्रेमाच्या चुकीच्या धड्यांचा. काही मालिकांत मुलीने मुलाला मारणे किंवा मुलाने नकार न ऐकता पाठपुरावा करणे हे विनोद किंवा प्रेम म्हणून दाखवले जाते. नकार म्हणजे नकार आणि मारणे म्हणजे हिंसा, हे घरी स्पष्ट शब्दांत सांगावे. काही मालिका प्रौढांसाठीच असतात, तेव्हा वयाची सूचना पाहावी.

तिसरा धोका पडद्यालाच घर मानण्याचा. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच पडद्यावरील व्यक्तीशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याचे वर्णन केले होते. असे नाते असणे हा आजार नाही. आपल्या आज्या मालिकेतील सुनेसाठी रडतात, तेही हेच. मात्र त्या नात्यामुळे माणसांत मिसळण्याचे बळ मिळते की माणसे टाळण्याची सवय लागते, ते पाहावे. मूल मालिका पाहून मित्राशी तिच्याविषयी बोलत असेल, चित्रे काढत असेल, तर चिंता नसावी. आमच्या गावात चित्रकलेचे महाविद्यालय आहे, तेव्हा त्या वहीतील डोळ्यांच्या रेघोट्यांनाही पुढे वाट असू शकते. मूल जेवण, शाळा आणि खेळ सोडून केवळ पाहतच बसत असेल, तर मोबाईल हिसकावण्याआधी विचारावे : ते कशापासून दूर पळत आहे?

पालकांसाठी थोडे

महिन्यातून एक भाग मुलासोबत बसून पाहावा. पाहताना टीका करू नये, नावे चुकली तरी मुलाला हसू द्यावे. संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : "तिच्या जागी तू असतास तर कोणाला सांगितले असतेस?" उत्तरात आपले नाव आले नाही तरी रागावू नये. ज्याचे नाव येईल, मग तो मामा असो, आत्या असो, शिक्षक असो, त्याच्याशी मुलाचा संबंध टिकेल असे पाहावे. मुंबईला असणाऱ्या वडिलांनी आठवड्यातून एक कॉल असा करावा, ज्यात अभ्यासाचे नाव निघणार नाही. घरी सांगता येत नसेल अशा मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील सल्ला केंद्रे आहेत, महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने चालतात. जवळच्या शासकीय रुग्णालयात त्यांची चौकशी करावी.

र्‍यूजी, सावाको, कोमी, होरी, रेई, शोया ही सारी कल्पनेतली मुले आहेत. त्यांच्या आयुष्यात कोणीतरी एकाने नीट पाहिले, योग्य नावाने हाक मारली, ताट वाढले, म्हणून ती सावरली. आपल्या घरातील मुलांना हे सारे देण्यासाठी आपण हाकेच्या अंतरावर आहोत.